गच्चीवरचा टॉवर आणि भाच्याचा आरएसआय

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ६७ वर्षांचा, वीज मंडळातून निवृत्त. लोकमान्य नगरात तीन मजली घर आहे. २०११ पासून आमच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा आहे, महिन्याला १६ हजार भाडं येतं. आधी त्यावर एका अमेरिकन कंपनीची पाटी होती, मध्यंतरी ती बदलली. टॉवर म्हणजे बसल्या जागी भाडं, हे रोज बघतोच. म्हणून २०२४ च्या गणपतीत इंडस टॉवर्सचे ४०० शेअर ४३० च्या आसपास घेतले, आणि विसर्जन होऊन दोन दिवस होत नाहीत तोच भाव कोसळला. तेव्हापासून वर-खाली चाललंय.

माझा भाचा इथल्याच विजयनगर भागातल्या एका ऑफिसात कामाला आहे. तो मोबाइलवर चार्ट आणि त्याखालचा आरएसआय नावाचा आकडा दाखवतो. म्हणतो, "मामा, आरएसआय २९ झालाय, ओव्हरसोल्ड. हजार शेअर अजून उचला, खरेदीचा भाव अ‍ॅव्हरेज होऊन खाली येईल. नाहीतर फ्युचरचा एक लॉट घ्या." त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर आलं की एमएसीडी नावाच्या चार्टवरच्याच दुसऱ्या मापाने विक्रीचा इशारा दिलाय. मुलगी डलासला असते. तिचं म्हणणं, "बाबा, तिकडचं सोडा, अमेरिकेतल्या टॉवर कंपनीचे शेअर घ्या. इथे त्या रिअल इस्टेटमध्ये मोडतात, डिव्हिडंड नक्की मिळतो."

पुढच्या महिन्यात ५ लाखांची एफडी सुटतेय. कोणाचं ऐकू? आणि आरएसआयवर किती विसंबावं?

— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

काका, नमस्कार.

सुरुवात त्या पाटीपासून करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. अमेरिकन टॉवर या कंपनीने आपला भारतातला सगळा धंदा ब्रुकफील्ड या कॅनेडियन गुंतवणूक कंपनीच्या ट्रस्टला विकला. तो व्यवहार सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे तुम्ही शेअर घेतलेत त्याच महिन्यात, पुरा झाला. तुमच्या गच्चीवर ज्या अमेरिकन कंपनीची पाटी होती ती बहुधा हीच असणार. पासबुक काढा आणि भाडं कोणत्या नावाने जमा होतं ते बघा. तिथे इंडस टॉवर्स हे नाव नसेल, तर ज्या टॉवरकडे बघून तुम्ही शेअर घेतलेत तो त्या कंपनीचा नाहीच. त्या ट्रस्टची युनिट्स खाजगी वाटपाची आहेत, तुमच्याआमच्यासारख्यांना डिमॅट उघडून सहज घेता येतील अशी नाहीत. यात तुम्हाला हसण्यासारखं काही नाही. कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजावर शेजारच्या कारखान्याचे शेअर घेणारे महाभाग मी ब्रोकरच्या टेबलावर वीस वर्षं बघितलेत.

एक गोष्ट लगेच सांगून मोकळी होते. मी सेबीची नोंदणीकृत सल्लागार नाही, त्यामुळे घ्या किंवा विका असं माझ्याकडून येणार नाही. आपल्या इंदूरकरांना तर हे दोनदा सांगावं लागतं, कारण सेबीच्या कारवाईच्या आदेशांत इंदूरचा पत्ता फार वेळा सापडतो. "सर, इंदूर से बोल रहे हैं, एक शुअर शॉट कॉल है" हे वाक्य पार केरळपर्यंत लोकांना पाठ आहे. तुमचा भाचा त्यातला आहे असं मी म्हणत नाही. पण तो ज्या हवेत काम करतो ती हवा तीच आहे.

आता आरएसआय. तो नक्की काय मोजतो, हे भाच्याला विचारलंत का? शंभरातले नव्वद जण "७० च्या वर महाग, ३० च्या खाली स्वस्त" एवढंच सांगतील, आणि ते चूक आहे. तुम्ही वीज मंडळातले, आकड्यांना घाबरणारे नाही, म्हणून वहीवरच करून दाखवते. आकडे उदाहरणासाठी मी बनवलेत, बाजारातले नाहीत.

चौदा दिवसांचे बंद भाव घ्या आणि रोज आदल्या दिवसापेक्षा भाव किती हलला ते लिहा. समजा सहा दिवस भाव चढला: ४, २, ६, ३, ५ आणि १ रुपया. बेरीज २१. आठ दिवस उतरला: ३, ७, ५, ८, २, ६, ४ आणि ७. बेरीज ४२. एकूण हालचाल झाली ६३ रुपयांची, त्यात चढाचा वाटा २१, म्हणजे एक तृतीयांश. आरएसआय आला ३३. झालं! पुस्तकात सूत्र जरा वाकडंतिकडं लिहितात, पण आत दडलेलं आहे ते एवढंच: एकूण हालचालीत चढाचा वाटा शेकडा किती.

पंधराव्या दिवशी भाव एका झटक्यात १२ रुपये चढला असं धरा. चढाची सरासरी होती १.५, उताराची ३. पद्धत अशी की जुनी सरासरी तेरा पट धरायची, आजचा आकडा मिळवायचा आणि चौदाने भागायचं. चढ होतो २.२५, उतार २.७९, आणि आरएसआय उडी मारून ४५ च्या जवळ. एका दिवसात ३३ चा ४५. कंपनीच्या धंद्यात त्या दिवशी काय बदललं? कदाचित काहीच नाही. एखाद्या म्युच्युअल फंडाने मोठी खरेदी केली असेल, नाहीतर कोणीतरी विकून ठेवलेला माल परत घेतला असेल.

यात भाडं नाही, कर्ज नाही, बिल थकवणारा भाडेकरू नाही. शेअरचा भाव ३५० आहे की ३५ हेसुद्धा नाही. म्हणून ओव्हरसोल्ड या शब्दाचा अर्थ "स्वस्त" असा काढू नका. गेल्या चौदा दिवसांत विकणाऱ्यांचं पारडं जड होतं, यापलीकडे त्याचा अर्थ नाही. तुमच्याच भाषेत सांगायचं तर आरएसआय हा अ‍ॅमीटर आहे. फीडरवर या घटकेला किती करंट वाहतोय ते तो इमानदारीने दाखवतो. ग्राहकाने बिल भरलंय की तीन वर्षांची बाकी आहे, ते तो दाखवत नाही. त्यासाठी वसुलीची वही असते, आणि ती वेगळ्या खोलीत असते.

हे माप वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने १९७८ मध्ये आणलं. गंमत म्हणजे हा गृहस्थ मुळात मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर जमीनजुमल्याच्या धंद्यात पडलेला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर होता वायदेबाजार. आज घेऊन पंधरा दिवसांत मोकळा होणारा माणूस. सोयाबीनचे सौदे केलेला कोणी तुमच्या ओळखीत असेल तर त्याला विचारा, अशा माणसाला चौदा दिवसांचा वेग फार मोलाचा असतो. पेन्शनर, पाच वर्षांचा विचार आणि दहा-दहा वर्षांचे भाडेकरार असलेला धंदा, यांच्यासाठी चौदा दिवस म्हणजे काहीच नाही.

एमएसीडीचंही थोडक्यात सांगते. १२ दिवसांच्या सरासरीतून २६ दिवसांची सरासरी वजा करायची, आणि येणाऱ्या आकड्याची ९ दिवसांची सरासरी काढून तिच्याशी त्याची तुलना करायची. अलीकडच्या दिवसांना यात जास्त वजन असतं. पहिली रेघ दुसरीला वरून खाली छेदून गेली की लोक "विक्रीचा इशारा" म्हणतात. सरासरीतून सरासरी वजा करून पुन्हा सरासरी, त्यामुळे इशारा उशिराच येतो. आरएसआय चौदा दिवसांच्या खिडकीतून बघतो, एमएसीडी सव्वीस दिवसांच्या. एक "फार पडलाय" म्हणतो, दुसरा "अजून पडतोय" म्हणतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. भाचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप भांडत नाहीयेत, एकाच भिंतीचे दोन फोटो दाखवताहेत. आणि उद्या भाच्याने आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक असे तीन इंडिकेटर एका बाजूला उभे करून दाखवले तरी हुरळून जाऊ नका. तिघंही त्याच बंद भावावरून (स्टोकॅस्टिकमध्ये दिवसाचा उच्चांक-नीचांक जास्तीचा) काढलेले. एकाच साक्षीदाराला तीन टोप्या घालून कोर्टात आणल्यासारखं ते आहे.

माझं स्वतःचं सांगते. २००८ च्या जानेवारीत बाजार कोसळला, त्यानंतर मी एका बांधकाम कंपनीचे शेअर घेतले, फक्त आरएसआय २८ दिसला म्हणून. तेव्हा मी रोज दुसऱ्यांना शहाणपण शिकवत होते, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या काही आठवड्यांत आरएसआय २८ चा ४५ झाला आणि मी टेबलावर सगळ्यांना सांगत सुटले की सुधारतंय, सुधारतंय. भाव मात्र मी घेतला त्याच्या खाली. घसरण थांबली नव्हती, तिचा जोर कमी झाला होता, एवढंच. उताराचे आकडे लहान झाले की चढाचा वाटा आपोआप मोठा दिसतो. आरएसआय सुधारला, माझे पैसे नाही सुधारले. त्या काळात मी दोनदा "अ‍ॅव्हरेज" केलं. त्याची रक्कम इथे लिहीत नाही, कारण हे सदर घरी आईसुद्धा वाचते.

आता त्या वसुलीच्या वहीकडे येऊ, कारण टॉवरच्या शेअरची सगळी गोम तिथे आहे.

टॉवरचा धंदा तुम्हाला गच्चीवरून अर्धाच दिसतो. तुम्ही टॉवरवाल्याला जागा भाड्याने दिलीत, आणि तो टॉवरवाला पुढे मोबाइल कंपन्यांना लोखंडावरची जागा भाड्याने देतो. एकाच टॉवरवर एक भाडेकरू असला तर खर्च कसाबसा निघतो. दुसरा आला की टॉवर तोच, तुमचं भाडं जवळपास तेच, आणि येणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा नफ्यात. इंडसचे देशभरात अडीच लाखांच्या आसपास टॉवर आहेत आणि सरासरीने एका टॉवरवर दोनही भाडेकरू नाहीत, दीड ते पावणेदोन. करार लांब मुदतीचे. अशा धंद्याचं उत्पन्न गोगलगाईसारखं चालतं. मग भाव सशासारखा का पळतो? हा प्रश्न भाच्याने विचारायला हवा होता.

इंडसच्या बाबतीत उत्तर बऱ्याच अंशी एका भाडेकरूत आहे. मुख्य भाडेकरू दोन, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया. एअरटेल तर आता निम्म्याहून जास्त हिश्श्याची मालकीणही आहे. व्होडाफोन आयडियाची अवस्था तुम्ही पेपरात वाचताच. २०२२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीत बड्या ग्राहकाच्या थकबाकीसाठी इतकी मोठी तरतूद करावी लागली (म्हणजे पैसे बुडतील या भीतीने नफ्यातून तेवढी रक्कम आधीच वजा करावी लागली) की इंडसला ७०८ कोटींचा तोटा झाला. २०२३ मध्ये शेअर दीडशेच्या खाली होता. एप्रिल २०२४ मध्ये व्होडाफोन आयडियाने बाजारातून १८ हजार कोटी उभे केले, जुनी थकबाकी हळूहळू वसूल व्हायला लागली, केलेल्या तरतुदी परत नफ्यात आल्या, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात इंडसचा भाव चारशेच्या वर. त्या तेजीत मोमेंटमचा, म्हणजे भावाचा वेग दाखवणारा, प्रत्येक काटा हिरवा होता. आणि तो खोटा नव्हता! वेग खरा होता, फक्त तो टॉवरचा नव्हता, थकलेल्या भाडेकरूच्या चेकचा होता.

मग तुमचा गणपती. १७ सप्टेंबर २०२४ ला अनंत चतुर्दशी झाली, आणि १९ तारखेला बातमी आली की टेलिकॉम कंपन्यांच्या एजीआर थकबाकीवरच्या (महसुलातला सरकारला द्यायचा हिस्सा) शेवटच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. व्होडाफोन आयडियाला सरकारचं मोठं देणं भरावंच लागणार हे उघड झालं, तिचा शेअर गडगडला, आणि त्याच दिवशी इंडसही दणकून पडला. आदल्या संध्याकाळी जगातला कुठलाही इंडिकेटर हे सांगू शकला नसता. न्यायमूर्तींच्या मनात काय आहे ते बंद भावात नसतं. तुमचा शेअर टॉवरमुळे पडला नाही, टॉवर जिथल्या तिथे उभे होते. भाडेकरू अडचणीत आला म्हणून मालकाची किंमत उतरली. तळमजल्यावरच्या दुकानदाराचं दिवाळं वाजलं की वरच्या मजल्यावर मालकाची झोप उडते, तसं.

म्हणून टॉवरच्या शेअरचा वेग दिसला, वर असो की खाली, की पहिलं विचारायचं: हा वेग कोणाचा? भाडेकरूच्या तब्येतीचा? कोणी मोठा भागधारक माल बाहेर काढतोय त्याचा? जून २०२४ मध्ये व्होडाफोनच्या ब्रिटिश मूळ कंपनीने इंडसमधला १८ टक्के हिस्सा सुमारे १५,३०० कोटींना विकला, असे मोठे गठ्ठे बाजारात येणार म्हटलं की भाव काही काळ दबून राहतो आणि आरएसआयला ते "मंदी" वाटतं. की वेग व्याजदराचा आहे? हा तिसरा प्रश्न तुमच्या डलासच्या मुलीसाठी जास्त महत्त्वाचा.

तिचं एक म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेत अमेरिकन टॉवर, क्राउन कॅसल आणि एसबीए या तिन्ही मोठ्या टॉवर कंपन्या रीट आहेत, म्हणजे जागा-मालमत्तेचं भाडं गोळा करून भागधारकांना वाटणाऱ्या. कायद्याने त्यांना करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटावा लागतो. आपल्याकडे इंडस ही साधी कंपनी आहे, रीट नाही, तिच्यावर असं बंधन नाही. पण "नक्की मिळतो" याला माझी हरकत आहे. क्राउन कॅसलने २०२५ मध्ये आपला तिमाही डिव्हिडंड शेअरमागे सुमारे १.५६ डॉलरवरून १.०६ वर आणला. जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. ९० टक्के वाटायचे म्हणजे उत्पन्नाच्या ९० टक्के. उत्पन्नच कमी झालं, किंवा आधी त्याहून जास्त वाटत होते, तर कात्री लागतेच.

आणि अमेरिकेतल्या या शेअरचा वेग पुष्कळदा तिथल्या सरकारी रोख्यांच्या व्याजदराचा वेग असतो, टॉवरचा कोट घालून आलेला. दहा वर्षांच्या रोख्यांचा दर २०२० च्या अखेरीस १ टक्क्याच्याही खाली होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५ टक्क्यांना टेकला. अमेरिकन टॉवरचा शेअर सप्टेंबर २०२१ मध्ये ३०० डॉलरच्या आसपास होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये १६० च्या आसपास. निम्मा. त्याच काळात कंपनीचं वर्षाचं उत्पन्न मात्र साधारण ९.४ अब्ज डॉलरवरून ११.१ अब्जांवर गेलं (त्यात विकत घेतलेल्या डेटा सेंटरांचाही हात आहे, सगळं टॉवरचं नव्हे). भाडं वाढतंय आणि शेअर पडतोय, याचं कारण साधं आहे. सरकारी रोख्यावर घरबसल्या ५ टक्के मिळत असतील तर ३ टक्क्यांच्या डिव्हिडंडसाठी कोण जोखीम घेईल? शिवाय टॉवर कर्जावर उभे राहतात, ते कर्जही महागतं. त्या दोन वर्षांच्या उतारावर जो कोणी "ओव्हरसोल्ड" म्हणत प्रत्येक वेळी आणखी घेत गेला, त्याची आरएसआयशी नव्हे, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेशी कुस्ती चालली होती.

तुम्हाला इथून तिकडे पैसे पाठवायची परवानगी आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. पण डिव्हिडंडवर तिकडे २५ टक्के कर आधीच कापून घेतात, मग इथल्या रिटर्नमध्ये तो दाखवा, परदेशी मालमत्तेचा तक्ता भरा. ५ लाखांसाठी या वयात हा उपद्व्याप कशाला, असं मला वाटतं. मुलीला तिच्या पैशाने तिकडे घ्यायचे तर तिने खुशाल घ्यावेत.

मग मोमेंटम कचऱ्यात टाकायचं का? नाही. ते खिडकी चुकीची धरल्यामुळे बदनाम होतं. १९९३ मध्ये जेगदीश आणि टिटमन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या शेअरांवर दाखवलं की गेल्या ३ ते १२ महिन्यांत जे शेअर बाकीच्यांच्या पुढे होते ते पुढचे काही महिनेही सरासरीने पुढे राहिले. आपल्याकडे निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांकसुद्धा ६ आणि १२ महिन्यांची चाल बघतो, चौदा दिवसांची नाही. आणि गंमत बघा, आरएसआय ३० च्या खाली घ्या म्हणणारे बरोबर उलट करतात, हरणाऱ्याला उचलतात. दोघंही स्वतःला मोमेंटमवाले म्हणवतात.

तुम्ही एवढं करा. महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा बंद भाव वहीत लिहायचा, बारा-तेरा महिन्यांचे मागचे आकडे एक्सचेंजच्या साइटवर फुकट मिळतात. चालू महिना सोडून द्या, कारण एखाद्या महिन्याची उडी पुष्कळदा परत फिरते. गेल्या महिनाअखेरचा भाव आणि बारा महिन्यांपूर्वीचा भाव, एवढीच तुलना. समजा तेव्हा ४२० होता आणि गेल्या महिनाअखेर ३५७, तर उणे १५ टक्के. निफ्टीचंही तेच गणित शेजारी मांडा. निफ्टी अधिक ५ असेल तर तुमचा शेअर बाजाराच्या वीस पावलं मागे. सोबत २०० दिवसांच्या सरासरीची रेघ बघा, भाच्याच्या मोबाइलवर ती दिसेल. शेअर सरासरीच्या खाली आणि निफ्टीच्याही मागे असेल, तर नवा पैसा घालायचा नाही. आरएसआय काय वाटेल ते म्हणो. उलट दोन्हींच्या वर असेल, तेव्हाही लगेच घ्यायचा नाही, तेव्हा वसुलीची वही उघडायची: तिमाही निकालात व्होडाफोन आयडियाकडून येणं किती, भाडेकरू वाढले की घटले. म्हणजे मोमेंटमचा उपयोग ब्रेकसारखा करायचा. अ‍ॅक्सिलरेटर दुसरीकडे आहे.

एक बारीक गोष्ट, भाच्यालाही सांगा. डिव्हिडंडच्या तारखेला भाव तेवढ्याने खाली येतो. चार्टमध्ये तो समायोजित केलेला नसेल तर इंडिकेटरला ती घसरण वाटते, प्रत्यक्षात पैसे तुमच्या खात्यात आलेले असतात. जास्त वाटप करणाऱ्या शेअरमध्ये ही चूक साठत जाते.

फ्युचर म्हणजे थोडी रक्कम (मार्जिन) भरून केलेला मोठा वायद्याचा सौदा; त्याबद्दल मी फार शाई घालवणार नाही. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुमच्या १९ सप्टेंबरसारखा दिवस फ्युचरच्या लॉटवर आला असता, तर दुपारपर्यंत ब्रोकरचा मार्जिनसाठी फोन आला असता आणि एफडी त्याच आठवड्यात मोडली असती. भाच्याला मायेने, पण ठाम नाही म्हणा. तो जास्तच मागे लागला तर वही-पेन देऊन वरचं ३३ चं गणित हाताने करायला सांगा. जमलं तर मला आनंद आहे.

तुमच्या ४०० शेअरांची आजची किंमत एफडीच्या तुलनेत मोठी नाही. ते ठेवायचे की नाही, हे तुम्ही घेतलेत त्या कारणावर ठरवा. कारण होतं "माझ्या गच्चीवर त्यांचा टॉवर आहे". पासबुकाने ते कारण मोडीत काढलं, तर नवं कारण कागदावर दोन ओळींत लिहून बघा. लिहिता आलं नाही तर उत्तर तुमच्यासमोर आहे. "घेतल्या भावाला आला की विकीन" हे कारण नव्हे. ४३० हा आकडा फक्त तुम्हाला आठवतो, बाजाराला त्याचं काही सोयरसुतक नाही.

एफडीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: त्यातला एक रुपयाही टॉवरमध्ये घालू नये, इकडच्याही आणि तिकडच्याही. तुमच्या घरात टॉवरचा पैसा आधीच येतोय. महिन्याला १६ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ९२ हजार. तो पैसा आणि तुमचे शेअर, दोन्ही शेवटी त्याच दोन-तीन मोबाइल कंपन्यांच्या तब्येतीवर अवलंबून. उद्या एखादी कंपनी दुसरीत विलीन झाली किंवा बुडाली, तर टॉवर रिकामे होतील, शेअर पडेल आणि गच्चीवरचं भाडंही धोक्यात येईल, सगळं एकाच महिन्यात. अमेरिकेत २०२० मध्ये टी-मोबाइल आणि स्प्रिंट एक झाल्या, त्यानंतर स्प्रिंटची यंत्रं टॉवरांवरून उतरवली गेली आणि तिन्ही टॉवर कंपन्यांना त्याची झळ अनेक वर्षं बसली. तिथे निदान तिसरा-चौथा भाडेकरू होता.

तेव्हा चार्ट बाजूला ठेवून या आठवड्यात २०११ चा करारनामा शोधा. मालकी बदलल्याचं पत्र तुम्हाला रीतसर आलं होतं का ते बघा, नसेल तर लेखी मागा. भाडेवाढीचं कलम किती वर्षांनी किती टक्के म्हणतं, आणि गेल्या खेपेची वाढ खरंच मिळाली का, ते तपासा. आणि टॉवरवाल्याला किती महिन्यांच्या नोटिशीने टॉवर उतरवता येतो? अशा करारांत घरमालक वर्षानुवर्षं बांधलेला असतो आणि त्यांना मात्र थोडक्या मुदतीत निघून जाता येतं, असं मी बरेचदा पाहिलंय. ते कलम तुमच्या करारात कसं आहे, हे मला पुढच्या पत्रात शब्दशः उतरवून पाठवा.